नाकाचा मिस्त्री

पहाटेच्या झोपेत कुतुबुद्दीन मिस्त्रीला वास यायचे. भिजत घातलेल्या मातीचा, उकळत्या चुन्याचा, रंध्याखालून निघालेल्या सागवानी ढलप्यांचा, अम्मीच्या पदराचा. आणि एक वास तर असा, की जो त्यानं जन्मात कधी घेतलाच नव्हता. डोळा उघडला की सगळे गडप. जागेपणीचं त्याचं जग जेवणं झाल्यावर घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं होतं, लखलखीत आणि रिकामं. म्हणून हल्ली तो अंथरुणातून उठायला कुरकुर करायचा. "म्हातारपणी साळंतल्या पोरागत करतासा," असं त्याची बायको बिबीजान म्हणायची. तो उशीत तोंड खुपसून आणखी दोन मिनिटं पडून राहायचा.

हे कुणा ऐऱ्यागैऱ्याचं झालं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण कुतुबुद्दीन होता नाकाचा मिस्त्री. कोल्हापुरात गवंडी पुष्कळ, मात्र जुन्या मातीच्या नि चुन्याच्या कामाला कुणाला बोलवायचं म्हटलं की पेठापेठांतून याचंच नाव निघायचं. भिंतीला ओल कुठून लागली हे तो भिंतीला नाक लावून सांगायचा, आणि तिथंच फोडलं की गळका नळ सापडायचा. गिलाव्याची माती तयार झाली का, हे इतर लोक दिवस मोजून ठरवत. हा चिमूटभर माती नाकाशी धरून ठरवायचा. भाताचं काड घालून भिजवलेली माती आधी कच्ची, उग्र वास मारते, मग आंबते, आणि मग एके दिवशी तिला ताकाच्या माठासारखा गोडूस वास सुटतो. तो सुटला की भिंतीला लावायची. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. पोरंटोरं चेष्टेनं 'नाकाचा मिस्त्री' म्हणायला लागली, आणि पुढं तेच नाव लोकांच्या मोबाईलमध्ये आणि त्याला येणाऱ्या लग्नपत्रिकांवरसुद्धा चढलं.

ते नाक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं. ताप उतरला, खोकला गेला, जिभेला मीठ-मिरची कळायला लागली, पण वास काही परतले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येतील हळूहळू." हळूहळू म्हणता म्हणता चार वर्षं झाली. त्यानं हे कुणालाही सांगितलं नाही. नाकाच्या मिस्त्रीचं नाक गेलं ही बातमी कोल्हापुरातल्या कट्ट्याकट्ट्यावर एका दिवसात पोचली असती, आणि पोटभर हसून झाल्यावर लोकांनी दुसरा मिस्त्री बघितला असता. साठी उलटलेल्या माणसाला 'आता घरी बसा' म्हणायला लोकांना निमित्तच हवं असतं. आणि घरी बसणं या एकाच गोष्टीला कुतुबुद्दीन घाबरत होता.

मग काम कसं चालायचं? तर त्यानं एक युक्ती काढली होती, आणि त्या युक्तीवर स्वारी मनातल्या मनात बेहद्द खूश होती. बिबीजान दुपारी डबा घेऊन कामावर यायची. बाईच्या मनात येईल ते तोंडात. हा तिला मुद्दाम मातीच्या ढिगाशेजारी बसवायचा. "हितं बस की, सावली हाय." ती बसली, की भाकरी सोडता सोडता तिची टकळी सुरू व्हायची. "या अल्ला, काय उग्र झालीया ही माती! अजून चार दिस तरी हात लावू नगा." नाहीतर, "आज बगा, ताकागत वास सुटलाय." हा नुसता हुंकार द्यायचा. ती डबा घेऊन गेली की सावकाश उठायचा, चिमूटभर माती नाकाशी न्यायचा, डोळे मिटून थोडा वेळ उभा राहायचा आणि गड्यांना म्हणायचा, "चला, तयार हाय." बायकोच्या नकळत तिच्याकडून काढून घ्यायचं म्हणजे काय सोपी गोष्ट आहे?

यंदा नोव्हेंबरात त्याला कॅम्पाचं काम आलं. गावाबाहेर रुळापलीकडं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक छावणी होती. लांबच्या मुलखातली गोरी माणसं, त्यातही बायका-पोरंच जास्त, तिथं आणून ठेवली होती. लढाई संपली, माणसं गेली, बराकी एकेक करून पडल्या. एकच लांबलचक कौलारू बराक उरली. तिच्यात कधी गोदाम झालं, कधी शाळा भरली, शेवटी शेळ्या बसायला लागल्या. ती आता 'पाणवठा युवा संघा'ला मिळाली होती. दोन हजार एकोणीसच्या महापुरात होड्यांतून माणसं काढता काढता ही पोरं-पोरी एकत्र आली आणि पूर ओसरला तरी पांगली नाहीत. नदी साफ करायची, रक्त द्यायचं, डोंगरात शिबिरं घ्यायची, आणि बैठक मात्र कुणाच्या तरी चहाच्या गाड्यावर. आता त्यांना स्वतःचं मुख्य कार्यालय होणार होतं. संघाची सचिव संयोगिता स्वतः घरं बांधणारी इंजिनिअर. बुलेटवरनं यायची आणि हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला सुरुवात करायची. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "चाचा, सिमेंट न्हाई लावायचं. जशी हुती तशी मातीचीच भिंत पायजे."

कुतुबुद्दीनला हे ऐकून बरं वाटलं, कारण त्या भिंतींना पहिली माती त्याच्याच वडलांनी लावली होती. अठराव्या वर्षी, बिगारी म्हणून. म्हातारा मरेपर्यंत एक गोष्ट सांगायचा. सकाळी त्या गोऱ्या बायका मोठ्या भट्टीत पाव भाजायच्या, आणि वास असा यायचा की गडी हातातली पाटी खाली ठेवून नुसते उभे राहायचे. एकदा एकीनं खिडकीतून गरम तुकडा याच्या हातावर ठेवला. भाषा तिची याला कळेना, याची तिला. "वास कसा हुता, अब्बा?" पोरगा विचारायचा. म्हातारा हात हवेत हलवायचा. "भाकरीचा न्हवं. आपल्या बेकरीतल्या पावाचाबी न्हवं. कसा सांगू?" सांगता आलंच नाही त्याला. तोच वास आता कुतुबुद्दीनच्या पहाटेच्या झोपेत यायचा, आणि झोपेत मात्र त्याला पक्कं माहीत असायचं की हाच तो.

बराकीत तो पहिल्यांदा शिरला तेव्हा फुटक्या कौलांतून उन्हाचे पट्टे खाली उतरले होते आणि त्यांत धूळ निवांत तरंगत होती. मध्यावर उभं राहून त्यानं छाती भरून श्वास घेतला. काही नाही. नुसतीच हवा.

"काय सांगतंय नाक, चाचा?" संयोगितानं विचारलं.

"मजबूत हाय म्हणतंय."

काम झकास सुरू झालं. कौलं परतून झाली, दारं-खिडक्या दुरुस्त झाल्या, आणि डिसेंबर लागताना मोठ्या दालनाच्या भिंतींना माती चढायला लागली. जवळच्या गुऱ्हाळावरनं वारा आला की गडी म्हणायचे, "काय वास सुटलाय गुळाचा!" आणि कुतुबुद्दीन म्हणायचा, "व्हय की." बिबीजान रोज येत होती, माती रोज सांगत होती, अर्धं दालन झालं. दुपारी ओल्या भिंतींवर खिडकीतलं ऊन पडलं की सगळं दालन मधासारखं दिसायचं. डबा खाऊन तो तिथंच भिंतीच्या गारव्याला पाठ लावून डुलकी काढायचा आणि वडलांना पाटी उचलताना बघायचा.

अशात गडहिंग्लजहून निरोप आला. लेकीच्या, तमन्नाच्या, सासूचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. पोरांकडं बघायला कुणी नाही. बिबीजान गुरुवारी संध्याकाळच्या एसटीनं गेली. जाताना दारात चारदा थांबली. "पाच दिसांनी येतोच. तवर कामाची घाई करू नगा," म्हणाली. कुतुबुद्दीनला तिचं असं घुटमळणं काही समजलं नाही.

शुक्रवारी दुपारी तो नमाजाला गेला होता, तेव्हा कॅम्पावर दोन ट्रॉल्या माती येऊन पडली. एक होती त्यानंच मागवलेली गिलाव्याची तांबडी माती. दुसरी होती तालमीची, तीही तांबडीच. पेठेतली एक जुनी तालीम बंद झाली होती, आणि तिथल्या कुस्तीच्या हौदातली माती विजयसिंह वस्तादांनी संघाला द्यायचं कबूल केलं होतं. बराकीच्या मागं पोरं नवा हौद खणत होती. ज्या मातीत शंभर वर्षं माणसं घुमली, जिला वर्षानुवर्षं हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर पाजला, ती माती. वस्तादांनी दोनच अटी घातल्या होत्या. "पायताण घालून तिच्याजवळ जायाचं न्हाई. आनि हौद भरताना पयली पाटी मी टाकणार." बुधवार ठरला होता. पोरांनी दोन्ही ढीग एकाला एक लागून ओतले, पावशेर अक्कल खर्चून दोन्हींवर मिळून एकच निळी ताडपत्री घातली आणि ती शिबिराला राधानगरीच्या जंगलात निघून गेली. संयोगिताही त्यांच्याबरोबर गेली. तालमीची माती आल्याचं मिस्त्रीला सांगायचं प्रत्येकानं दुसऱ्यावर सोडलं. आणि खरं तर कुणाला ते गरजेचंच वाटलं नाही. नाकाच्या मिस्त्रीला माती कुठली हे काय सांगायचं?

शनिवारी कुतुबुद्दीननं ताडपत्री उचलली, मूठभर माती घेतली आणि बोटांनी चुरली. आहाहा! लोण्यासारखी. खडा नाही, चिकणमातीचा गोळा नाही. एवढ्या वर्षांत अशी माती हाताला लागली नव्हती. "ही तर मुरलेलीच हाय," तो स्वतःशीच म्हणाला. आठ दिवस थांबायची गरजच नव्हती. काड घालून रात्रभर भिजवली आणि रविवारी सकाळी भिंतीला लावायला घेतली. दुधावरून साय ओढावी तशी ती थापीखाली सरकत होती. तीन दिवस तो जणू तरंगत होता. मनात म्हणत होता, बिबी नसली तरी आपलं अडत नाही, हात आहेत की अजून.

गडी-बायकांच्या नाकाला हळदीचा वास पहिल्या पाटीलाच लागला होता. पण पंधरा वर्षं त्याच्या हाताखाली काम केलेली चिमणाबाई दुसरीला म्हणाली, "मिस्त्रींनी कायतरी घातलं आसंल. त्येंचं त्येंस्नी म्हाईत. गप दे पाटी." मिस्त्री चुन्यात कधी गूळ घाली, कधी मेथीचं पाणी, विचारलं तर हसायचा. म्हणून यावेळी कुणी विचारलंच नाही. त्या बिचाऱ्या ज्या बाजूनं हाताला येईल त्या बाजूनं ढीग उपसत राहिल्या.

मंगळवारी दुपारी संयोगिता जंगलातून परतली आणि तशीच दालनात शिरली. तीन पावलं टाकून थांबली.

"चाचा, हळदीचा वास येतोय?"

त्यानं भिंतीवर थापीचा हात आणखी एकदा फिरवला. चार वर्षांची सवय होती. "येणारच की. घातलीया. वाळवी लागत न्हाई त्येनं."

ती मागच्या दारानं बाहेर गेली. ताडपत्री बाजूला पडली होती आणि ढीग निम्म्याच्या खाली आला होता. ती धावत परत आली. "चाचा, ही तालमीची माती हाय. वस्तादांची. उद्या ते हौद भरायला येणार हायत."

कुतुबुद्दीनच्या हातातली थापी खाली गेली. माती कुठली, ते आता कळलं. आणि आपण या पोरीशी एवढ्यात काय खोटं बोललो, तेही कळलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसलाय. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची काय चूक न्हाई. ढीग येगळा करून पाटी लावायला पायजे हुती. आमी सांगिटलंच न्हाई. वस्तादांस्नी मी तसंच सांगतो. तुमी मधी बोलूच नगा."

सुटण्याची वाट अशी आयती समोर आली होती. तो सायकल हातात धरून चालत घरी गेला, वर बसायचं त्याला सुचलंच नाही.

बिबीजान तासाभरापूर्वीच आली होती, पिशवीतून लेकीनं दिलेल्या शेंगा काढत होती. कुतुबुद्दीन उंबऱ्यावरच बसला आणि म्हणाला, "बिबी, मला वास येत न्हाई."

"ठावं हाय की," शेंगा काढता काढता ती म्हणाली.

"कवापास्नं?"

"दवाखान्यातनं आलासा त्येच्या आठव्या दिवशी. दूध नासलंतं. चा केल्यावर माझ्या ध्येनात आलं. ओतून टाकायला उठतोय तवर तुमी कपभर पिऊन म्हणालासा, आज चा झक्कास झालाय." तिला आत्ताही हसू फुटलं.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगिटलं न्हाई. म्हटलं, लपवायचं हाय तर लपवू देत."

चार वर्षांतल्या साऱ्या दुपारी त्याच्यासमोर ओळीनं येऊन बसल्या. गुडघ्याला पट्टा बांधून आलेली बिबीजान. ताप अंगात असताना आलेली बिबीजान. 'डबा न्यायला मी गडी धाडतो' म्हटल्यावर चिडलेली बिबीजान. आणि आपण तिच्या नकळत काढून घेतोय म्हणून भाकरी खाताना मिशीत हसणारा तो शहाणा माणूस. त्याला लाज वाटली, भयंकर लाज वाटली. आणि त्या लाजेच्या खाली कुठंतरी खूप ऊबही वाटली. त्यानं मग कॅम्पावरची सगळी हकिगत सांगितली.

"एसटीत बसताना माझा जीव हितंच हुता," ती म्हणाली. "म्हटलं पाच दिसात काय हुतंय. आन् पाच दिसातच घोळ घालून ठेवलासा."

"पोरगी म्हणती, चूक आमची म्हणून सांगतो."

बिबीजाननं शेंगांची टोपली बाजूला सारली. "आता त्ये तुमचं तुमी बगा," एवढंच ती बोलली आणि चूल पेटवायला उठली.

बुधवारी सकाळी विजयसिंह वस्ताद आले ते अनवाणीच. पंचाहत्तरीचं वय, पण दारातून येताना अजून आडवं व्हावं लागेल असे खांदे. हौदाकडं जायच्या आधी पोरांचं नवं ऑफिस बघावं म्हणून दालनाच्या दाराशी आले आणि तिथंच थबकले. नाकपुड्या फुलल्या. सगळे गार पडले.

"ज्या मातीवर आमी डोकं टेकलं," त्यांचा आवाज कौलांपर्यंत गेला, "ती भित्ताडाला फासलीसा? कुणी केलं ह्ये?"

संयोगिता पुढं झाली. "वस्ताद, चूक आमची हाय. ढिगावर पाटी..."

"पाटी नव्हती म्हणून न्हाई," कुतुबुद्दीन मधेच बोलला. आवाज स्वच्छ होता. "आंधळ्यालाबी नाकानं कळली असती ती माती. मला कळली न्हाई. मला वास येत न्हाई वस्ताद. कोरोना झाला तवापास्नं. काल पोरीनं इचारलं, तर तिच्याशी खोटं बोललो."

चिमणाबाईनं तोंडावर पदर धरला. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. नाकाच्या मिस्त्रीचं नाक गेलेलं होतं, आणि ते आता पंधरा-वीस जणांना ठाऊक झालं होतं. ज्याला तो चार वर्षं भीत होता ते घडून गेलं, आणि दालनातलं ऊन मात्र होतं तसंच होतं.

वस्ताद त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. "आन् चार वर्सं काम कसं केलंस गा?"

डबा घेऊन बिबीजान दाराबाहेर उभी होती. आज ती सकाळीच आली होती. कुतुबुद्दीननं तिच्याकडं हात केला.

"हिच्या नाकानं."

वस्ताद भिंतीजवळ गेले आणि त्यांनी तळवा तिच्यावर टेकवला. बोलले तेव्हा आवाज खाली आला होता. "माती काय मरत न्हाई. उतरवा, काड चाळून काढा, हौदात घाला. पर सारं भित्ताड उकरू नगा उगंच. माझी कुठली आन् तुमची कुठली, त्ये कळाय पायजे." मग बिबीजानकडं वळून म्हणाले, "ताई, आत या की. भायेर का उभ्या?"

संयोगितानं डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आन् चाचा, मागच्या खोलीची माती उद्या भिजवायची हाय. दोघंबी या."

वाळत आलेल्या भिंती सगळ्या एका रंगाच्या दिसत होत्या. मातीचा वास उठावा म्हणून कुतुबुद्दीननं फडकं ओलं केलं, भिंतीचा हातभर तुकडा पुसला आणि बाजूला सरकून जागा केली. एवढ्या वर्षांत जे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं, ते आता साऱ्यांच्या देखत, मोठ्यानं विचारलं.

"बिबी, बग की. ही कुठली?"

बिबीजाननं डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि भिंतीला नाक लावलं. "ही वस्तादांची."

त्यानं खडूनं फुली मारली, दोन पावलं पुढं सरकला, पुन्हा फडकं फिरवलं.

"आन् ही?"

ती वाकली, डोळे मिटून थोडा वेळ तशीच राहिली.

"ही तुमची," ती म्हणाली.